दाढेमागची वाट

वरची दाढ काढून चार महिने झालेल्या एक मावशी माझ्याकडे आल्या. चहाचा घोट घेतला की नाकातून थेंब गळे, म्हणून कप उचलण्याआधीच त्या पदर नाकाशी धरत. सर्दीची औषधं घेऊन झाली होती. लग्नकार्यात पंगतीला बसणं त्यांनी सोडलं होतं. तपासलं तर दाढेच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, थेट सायनसमध्ये उघडणारं. अशी भोकं बंद करताना गेल्या वीस वर्षांत जे शिकले, ते लिहिते.

१. एक्स-रे आधी नीट वाचावा.
वरच्या दाढांच्या मुळांवरच वरच्या जबड्याच्या हाडातली सायनसची पोकळी असते. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा. काहींना तोही नसतो. शेजारचे दात पडून एकटीच दाढ उरली असेल, तर सायनस खाली उतरलेला असू शकतो. अशी दाढ मी ओढत नाही. मुळं सुटी करून एकेक काढते.

२. भोक पडलं तर त्याच दिवशी सांगावं.
सुरुवातीच्या काळात एका आजोबांच्या दाढेबरोबर हाडाचा तुकडा निघाला. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायला सांगितलं, तर खळग्यातल्या रक्तात बुडबुडे आले. मी टाके घातले, पण कारण सांगायला धजले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी जोरात नाक शिंकरलं आणि टाके सुटले. ती चूक पूर्णपणे माझी होती.

३. वेळ ओळखावी.
साधारण २ मिलिमीटरपर्यंतचं भोक, रक्ताची गुठळी टिकली तर, आपोआप भरतं. ५ मिलिमीटरच्या वर गेलं तर बहुधा शस्त्रक्रिया लागते. सायनस निरोगी असेल तर ती पहिल्या २४ ते ४८ तासांत केलेली उत्तम. आठवडे उलटले की भोकाला आतून त्वचेचं अस्तर येतं, त्याची कायमची नळी बनते; मग ती कापून काढल्याशिवाय जखम मिटत नाही.

४. आधी पोकळी स्वच्छ, मग टाके.
मावशींच्या सायनसमध्ये पू होता. वरून शिवलं असतं तर तो आत कोंडला असता. औषधं दिली, सलाइनने पोकळी धुतली, नाक-कान-घशाच्या डॉक्टरांचं मत घेतलं. धुतलेलं पाणी स्वच्छ आल्यावरच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला.

५. टाक्यांवर ताण नको.
गालाकडची त्वचा सैल करून भोकावर ओढण्याची रेरमान यांची पद्धत १९३६ सालची. ती सोपी आहे, पण गाल आणि हिरडीमधली खोबण उथळ होते; पुढे कवळी नीट बसत नाही. १९७७ मध्ये एगेडी यांनी गालातली चरबी वापरायचा मार्ग दाखवला. मावशींसाठी मी तोच निवडला. छोट्या छेदातून लोण्यासारखा पिवळा गोळा हळूच बाहेर डोकावतो. त्याला खेचायचं नाही. बाहेरून गाल दाबत त्याला येऊ द्यायचं. त्याचा रक्तपुरवठा शाबूत असतो, म्हणून तो तिथे जगतो आणि महिनाभरात त्यावर तोंडाची त्वचा चढते.

६. पुढचे दोन आठवडे रुग्णाच्या हातात.
नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची. स्ट्रॉने पिणं, बिडी, तंबाखू, मिश्री बंद. नुसतं ‘काळजी घ्या’ म्हणून भागत नाही. मी हे कागदावर लिहून देते आणि घरातल्या माणसासमोर वाचून दाखवते. मावशींनी पंधरा दिवस मिश्रीच्या डबीला हात लावला नाही.

दीड महिन्याने मी त्यांच्यासाठी चहा मागवला. सवयीने पदर नाकाशी गेला. त्यांनी कप संपवला, पदर उलटून पाहिला, कोरडा होता. मग म्हणाल्या, “डॉक्टर, हे त्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी चार महिने सर्दीच्या गोळ्या खाल्ल्या नसत्या हो.”

मला ते आजोबा आठवले. तेव्हापासून टाके घालायच्या आधी मी रुग्णाच्या हातात आरसा देते आणि भोक दाखवते.