रंग शेवटी दे

भवानीनगर
भाद्रपद अखेर

चि. बाळास,


इंदापूरहून जुनी ट्रॉली घेतलीस हे ताईकडून कळलं. दसऱ्याच्या आत रंग देऊन फाळक्यावर नाव टाकायचा बेत आहे म्हणे. नाव टाक, हौस असावी माणसाला. पण रंग सगळ्यात शेवटी. जुन्या चासीवर एकदा रंगाचा हात फिरला की चॅनेलला गेलेली चीर दिसत नाही, आणि विकणाऱ्यानंही हेच ओळखून ट्रॉलीला रंगवलेलं असतं. आधी धुऊन घे, जोडांवर तारेचा ब्रश मार आणि विजेरी घेऊन खालून बघ. वेल्डिंगच्या कडेनं तांबडी बारीक रेघ दिसली तर तिथं चीर आहे असंच धर. तिच्या दोन्ही टोकांना ड्रिलनं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. मग ग्राइंडरनं खाच करून भरायची.

खरा पैसा चाकांत घाल. चाक उचललंस की खाली घोडी लाव, नुसत्या जॅकच्या भरवशावर आत शिरू नकोस. चाक खडखडो वा न खडखडो, यंदा चारही हब उघडायचे. आधीच्या मालकानं ग्रीस कधी भरलं होतं ते तुला कुठं ठाऊक आहे? बेअरिंग डिझेलमध्ये धू. रोलरवर खड्डे किंवा निळसर झाक दिसली तर ते भंगारात. मेकॅनिक म्हणेल, कप चांगला आहे, नुसता कोन बदलू. ऐकू नकोस. दोन्ही एकमेकांवर घासून झिजलेले असतात, जुन्या कपात नवा कोन हंगामभर टिकत नाही. ऑइल सील नवंच घाल, आपल्या ट्रॉल्या निम्मा वेळ पाटाच्या पाण्यात उभ्या असतात. नट आवळताना चाक हातानं फिरवत राहा. जड झालं की थोडा मागं घे, भोक जुळलं की नवी कॉटर पिन. जुनी ठोकून सरळ केलेली चालणार नाही.

एक्सलवर बेअरिंग बसतं ती जागाच झिजली असेल तर मात्र वेल्डिंगनं भरून काम भागवू नकोस, एक्सल बदल. मोजमापाला नजरेचा माणूस हवा. आपल्या तालुक्यातच वालचंदनगर आहे, साखर कारखान्यांची यंत्रं तिथं बनत आली. तिथं हात बसलेला एखादा जुना टर्नर गाठ. दोन पैसे जास्त घेईल, घेऊ दे.

पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटला की एक्सल जागचा सरकतो आणि ट्रॉली तिरकी चालते. पुढची दांडी सरळ धर आणि तिच्या डोळ्यापासून मागच्या दोन्ही हबपर्यंत सुतळी लावून बघ. दोन्हीकडं अंतर सारखं भरलं पाहिजे. यू-बोल्ट नवे टाकून पहिल्या खेपेनंतर पुन्हा आवळ.

हुकाच्या पिनेबद्दल वेगळं सांगतो. हंगामात कारखान्याच्या यार्डात चक्कर मारलीस तर पिनेच्या जागी सळईचा तुकडा घातलेल्या ट्रॉल्या दिसतील, आणि त्यांचे मालक दोन लाखांच्या म्युझिक सिस्टिमवर गप्पा मारत उभे असतील. तू तसलं करू नकोस. पिन आणि लॉक नवी घे, वर साखळी लाव. डोळा झिजून लांबट झाला असेल तर वेल्डिंगचा थर चढवू नको, घडीव डोळा नवा बसव. वेल्डर आला की अर्थ कामाच्या अगदी जवळ लावायला सांग. करंट बेअरिंगमधून गेला तर नव्या बेअरिंगला खड्डे पडतात. आणि टायर चढवलेल्या डिस्कवर वेल्डिंग कुणी, कितीही घाईत, करायचं नाही. टायर फुटून माणसं गेलीत.

हौद्याचा पत्रा, बाजूच्या पट्ट्या यांत जुनं वापर, ठिगळं लाव. उसाला ठिगळ टोचत नाही. पण तळ आणि फाळक्याच्या बिजागऱ्या तेवढ्या नीट बघ. तुझी ऊसतोडीची टोळी आष्टी-पाटोद्याकडची आहे. गाळपाच्या तोंडावर राशीन-भिगवणमार्गे बायका-पोरं, भांडी-कुंडी, शेळ्या, कोप्यांचं सामान, सगळं अशाच ट्रॉल्यांतून उतरतं. हंगामाची पहिली खेप उसाची नसते, माणसांची असते. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेकही नसतो. म्हणून माझं ऐकशील तर त्यांच्यासाठी जीप ठरव, उचलीत कापू नकोस, तुझ्या खर्चातून दे. सामान ट्रॉलीतून येऊ दे. पण बाप्ये तरी सामानावर चढून बसतीलच, हे धरूनच पिन आणि बेअरिंग निवड.

पालखी मार्ग आता रुंद आणि गुळगुळीत झालाय. जुन्या ट्रॉल्या धक्क्या-खड्ड्यांच्या, सावकाश जायच्या रस्त्यांसाठी बांधलेल्या. आता पोरं त्याच ट्रॉल्या दुप्पट वेगानं हाणतात. तुझ्या ड्रायव्हरला पहिल्या काही खेपांत सणसरला थांबून हबवर हात लावायला सांग. हात ठेववत नसेल तर तिथंच उभी करायची, छत्रपती कारखान्यात नंबर लागायचा राहिला तरी. मागच्या फाळक्याला रेडियमच्या पट्ट्या आणि लाल दिवा लाव; नावाला उरेल तेवढीच जागा घे. ट्रॉलीचं पासिंग ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं, तिची कागदपत्रं बारामतीच्या आरटीओत तुझ्या नावावर झाली का तेही बघ.

हब उघडशील तेव्हा बेअरिंगवर कोरलेले नंबर मला पाठव. मी गुरुवारच्या बाजाराला बारामतीत असतो, येताना घेऊन येईन. पैशाचं नंतर बघू.

ताईला नमस्कार सांग.

तुझा मामा