परदेशात करमत नाही तेव्हा

वस्तीतले मूल परदेशी शिकायला निघाले की विहारासमोर सत्कार होतो, चौकात फ्लेक्स लागतो, विमानतळावर सोडायला दोन गाड्या भरून माणसे जातात. मूल पोहोचते, फोटो येतात, सगळे खूश. तीन-चार आठवड्यांनी फोनवरचा आवाज बारीक होतो. "जेवलास का?" म्हटले की "हो". "बरा आहेस ना?" म्हटले की "हो". फोन ठेवल्यावर आई म्हणते, काहीतरी बिनसलंय. आईचा हा अंदाज बहुतेक वेळा खरा निघतो.

त्या बारीक झालेल्या आवाजाविषयी या महिन्याच्या आरोग्यपानावर आम्ही लिहीत आहोत. 'करमत नाही' हे आपण सहज बोलून जातो, पण ते सगळ्या शरीराला जाणवते. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळा लागत नाही. भूक मरते, नाहीतर येता-जाता बिस्किटे खाल्ली जातात. पोट बिघडते, डोके जड होते, वाचलेले पान डोक्यात शिरत नाही. हा आजार नाही आणि भित्रेपणाही नाही. ओळखीची माणसे, भाषा, वास, आवाज एका दिवसात तुटले की मेंदू सावध होतो आणि सावधच राहतो, त्याचा हा थकवा असतो. बहुतेकांचा तो काही आठवड्यांत, फार तर एक-दोन महिन्यांत उतरू लागतो. मध्येच पुन्हा एखादी लाट येते, तीही ओसरते.

घर सोडणे सातारा-सांगलीला नवीन नाही. माण-खटावची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेली. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभरच्या सराफ पेठांत सोन्याचांदीच्या भट्ट्या लावून बसले. आपली कितीतरी पोरे सैन्यात गेली. पण यातले कुणी एकटे नव्हते. मुंबईत गावच्या माणसांची खोली असायची, पलटणीत शेजारच्या खाटेवर आपल्याच मुलखाचा कुणी असायचा. भाकरी तीच, शिवीसुद्धा तीच. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याचे तसे नसते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जणांबरोबर झोपलेल्या मुलीला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळते. घरच्यांना वाटते, चैन आहे. तिला मात्र रात्री ती शांतता सोसत नाही, आजीचे घोरणे आठवते.

अशा वेळी घरून एक वाक्य हमखास जाते: "बाबासाहेबांनी पाव खाऊन दिवस काढले, तुला काय झालंय?" प्रेमानेच म्हटलेले असते. पण आमच्या मते हे वाक्य बाबासाहेबांवरही अन्याय करते आणि लेकरावरही. त्यांनी प्रत्यक्षात काय केले ते बघू या.

बाबासाहेबांचे नाव शाळेत घातले गेले ते साताऱ्यात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी. ती शाळा म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल, आणि म्हणूनच तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आई भीमाबाई वारल्या होत्या. वडील नोकरीसाठी गोरेगावला, मुले साताऱ्यात. आत्या वयस्कर, तिच्याने स्वयंपाक होईना, तेव्हा ही लहान मुले स्वतःच रांधत. पीठ मळून भाकरी-चपाती करणे जमत नव्हते, म्हणून ती पुलाव करीत, कारण तो सोपा. हे बाबासाहेबांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे.

पुढे जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला रामजीबाबा गेले होते, म्हणजे वडिलांचे दुःख ताजे होते. मागे रमाई होत्या आणि डिसेंबर १९१२ मध्ये जन्मलेला, जेमतेम सात महिन्यांचा यशवंत. सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. फोन नव्हता, पत्र बोटीने जायचे. तिथे ते आधी हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथले जेवण मानवेना, तेव्हा थोड्याच दिवसांत ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मॉपॉलिटन क्लबमध्ये राहायला गेले, कारण तिथे काही हिंदी विद्यार्थी होते. तिथून लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये, नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायला लंडनला जाताना बाबासाहेबांनी भथेनांकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि शाहू महाराजांचीही मदत घेतली.

याचा अर्थ सरळ आहे. जेवण जमले नाही, त्यांनी जागा बदलली. एकटे पडू नये म्हणून आपल्याकडची माणसे शोधली. सोबती मिळवला. पैसे कमी पडले तेव्हा मागितले. लंडनमध्ये सकाळी पाव-जॅम आणि रात्री ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून, कपभर दुधाबरोबर खाऊन ते अभ्यास करीत, हेही खरे आहे. पण ती मजबुरी होती, ते पथ्य नव्हते. उपासमार हे अभ्यासाचे औषध असते तर आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्पिढ्या पदवीधरच निघाले असते. आपले मूल "मला खोली बदलायची आहे", "पैसे संपलेत" किंवा नुसतेच "करमत नाही" असे म्हणाले, तर ते बाबासाहेबांच्या वाटेवरून ढळले असे कुणी समजू नये.

आता मूल निघण्याआधीच्या तयारीविषयी. पासपोर्ट-व्हिसाच्या धांदलीत स्वयंपाक शिकवायचा राहून जातो, मुलग्यांना तर हमखास. वरण-भात, पिठले, अंड्याची पोळी, खिचडी एवढे येऊ द्या. फोडणी मंद आचेवर, झाकण ठेवून आणि पंखा लावून द्यायची हेही सांगा, कारण तिथल्या वसतिगृहांत धुराची घंटा असते. मिरचीची फोडणी चरचरली की ती वाजते आणि सगळी इमारत रस्त्यावर येते. बॅगेत कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सांगलीचे भडंग चालेल. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र ब्रिटनला नेता येत नाहीत, कारण आपल्याकडून दुधाचे पदार्थ नेण्यास तिथे मनाई आहे. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्याने तर खाण्याची प्रत्येक वस्तू उतरल्यावर अर्जात लिहून द्यावी, नाहीतर दंड बसतो. ज्वारी-बाजरीचे पीठ मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत बहुधा मिळते. रविवारी एक भाकरी थापली तर आठवडाभर बरे जाते, असे तिकडे राहून आलेली मुले सांगतात. नेहमीची औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासह, सोबत ठेवावी.

पैशाचेही आधीच बोलून घ्यावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जणांना ती मिळते. पण निर्वाह भत्ता हप्त्यांनी येतो आणि घरभाडे पहिल्या दिवसापासून लागते. पहिल्या दोन-तीन महिन्यांची सोय वेगळी ठेवलेली असली की निम्मी काळजी कमी होते. पैशाची चिंता आणि घरची आठवण एकत्र आली की झोप पार जाते.

ऊन हा तिथला दुसरा मोठा प्रश्न, आणि आपल्याकडे तो कुणाच्या ध्यानातच येत नाही. डिसेंबरात लंडनमध्ये सूर्य सकाळी आठच्या सुमारास उगवतो आणि दुपारी चारच्या आत मावळतो. माणदेशाच्या उन्हात वाढलेल्या मुलाला तो अंधार मनावर दगड ठेवल्यासारखा वाटतो. काहींना दर हिवाळ्यात यामुळे खरोखरच उदासीचा आजार होतो. शिवाय सावळ्या कातडीला 'ड' जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागते. म्हणून ब्रिटनची आरोग्यसेवा हिवाळ्यात सर्वांना आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट, 'ड' जीवनसत्त्व घेण्याचा विचार करा असे सांगते. आपल्याकडे मिळणाऱ्या ६०,००० युनिटच्या गोळ्या वेगळ्या. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, रोज तर मुळीच नाही. सकाळी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालणे हा बिनपैशाचा उपाय आहे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातही हाच नियम: दिवसा अंथरुणात पडायचे नाही. शरीराचे घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळते.

फोनविषयी आम्हाला घरच्यांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे चार, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा आणि मेलबर्नमध्ये रात्रीचे तीन वाजलेले असतात. वेळ ठरवून फोन करा. दिवसात पाच वेळा फोन केला तर मुलाचे शरीर तिथे आणि मन वस्तीत राहते, तिथली ओळख होत नाही. आठवड्यातून तीन-चार ठरलेले फोन पुरेत. "जेवलास का" याऐवजी "आज काय रांधलंस? कुणाबरोबर खाल्लंस?" असे विचारा. त्याचे उत्तर नुसत्या 'हो'मध्ये देता येत नाही. तीन आठवडे उत्तर "एकटाच" येत असेल तर त्याची नोंद घ्या. कर्जाचा हप्ता, भावकीतले भांडण, "सगळी वस्ती तुझ्याकडे डोळे लावून बसलीय" हे परीक्षेच्या दिवसांत सांगू नका. पण घरात कुणी आजारी असेल तर लपवूही नका. मुलांना ते कळतेच, आणि मग ती प्रत्येक फोनवर संशय घेऊ लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर, १४ एप्रिल, या दिवशी विहारातून दहा मिनिटे व्हिडिओ कॉल लावून ठेवा. काही बोलायची गरज नाही, नुसते दिसू द्या.

एक गोष्ट मुले घरी सांगत नाहीत. परदेशात 'आपली माणसे' शोधायला जावे तर पहिल्याच भेटीत आडनाव विचारले जाते, मग गाव, मग "घरी काय खाता?" त्यानंतर खोलीत भागीदार घ्यायचा विचार बदलतो, जेवणाची आमंत्रणे थांबतात. गोऱ्या मुलांना यातले काही दिसत नाही, त्यामुळे सांगायचे कुणाला हा प्रश्न पडतो. घरची आठवण आणि हा अपमान मिळून जे होते त्याला नुसते 'करमत नाही' म्हणता येणार नाही. मुलाला सांगा की दोष त्याचा नाही आणि तक्रारीची जागा आहे. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. इतर ठिकाणीही भेदभाव आणि छळाविरुद्ध तक्रार कक्ष असतात. ब्रिटन-अमेरिकेत आंबेडकरी संघटना आहेत, अनेक देशांचे विहार आहेत. श्रीलंकेच्या किंवा थायलंडच्या विहारात आडनाव कुणी विचारत नाही, जेवण मात्र मिळते. लंडनला असलेल्याने १०, किंग हेन्रीज रोड या घरी एकदा जाऊन यावे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले, आणि २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले.

आता धोक्याची खूण. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोजच उदास वाटणे, वर्गाला न जाणे, अंघोळ-जेवण सुटणे, वजन उतरणे, दारू वाढणे, फोन बंद ठेवणे, "माझ्यामुळे सगळ्यांचं नुकसान झालं" असे बोलणे. हे दिसले तर 'आठवण येतेय, होईल बरे' म्हणून थांबू नका. विद्यापीठांत समुपदेशक असतात, त्यांचे पैसे बहुधा फीमध्येच धरलेले असतात आणि बोललेले गुप्त राहते, मार्कांवर परिणाम होत नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबर आरोग्यसेवेचे पैसे आधीच भरलेले असतात, तेव्हा पोहोचल्याबरोबर जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवायला लावा. आनापानाचा सराव मन शांत करतो, तो जरूर करावा, पण औषधाची गरज असेल तर औषधच घ्यावे.

मुलाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची छटा आली तर सरळ विचारा, "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. फोन चालू ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून तिथल्या मित्राला किंवा विद्यापीठाला कळवा. मुलाने स्वतः लावायचे नंबर असे: ब्रिटनमध्ये ११६ १२३, अमेरिकेत ९८८, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. जिवाला तातडीचा धोका असेल तर अनुक्रमे ९९९, ९११ आणि ०००. घरच्यांना स्वतःलाच काळजीने झोप लागत नसेल तर आपल्याकडे टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

हे नंबर, विद्यापीठाच्या सुरक्षा कक्षाचा फोन, खोलीचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या दोन मित्रांचे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मूल निघायच्या आधीच भिंतीला चिकटवा. आजीलाही वाचता येईल एवढ्या उंचीवर.