किल्ल्यातील एक घर

बेळगावच्या भुईकोट किल्ल्यात आपण कमलबस्ती पाहतो, साफा मशीद पाहतो; पण तेथील एका जुन्या घराकडे आपली पावले सहसा वळत नाहीत. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद या घरात नऊ दिवस राहिले होते. रामकृष्ण मिशनने हे घर स्मारक म्हणून जपले आहे आणि मिशनच्या आश्रमात व्याख्याने व युवकांसाठी कार्यक्रम होतात. मी चंदगड तालुक्यातून, म्हणजे राज्याची सीमा ओलांडून, रोज कॉलेजला येतो; तरी ते पाहायला मला दुसरे वर्ष उजाडावे लागले.

शिकागोची परिषद तेव्हा अजून वर्षभर दूर होती. कोल्हापूरहून गोळवलकरांची चिठ्ठी घेऊन आलेला हा तरुण संन्यासी प्रथम तीन दिवस सदाशिवराव भाटे वकिलांकडे उतरला. वकिलांचा मुलगा पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत असे. वडिलांपुढे म्हणताना तो चुकला, तेव्हा स्वामींनी हसत त्या चुका सुधारल्या. पुढे प्राध्यापक झालेल्या त्या मुलानेच ही आठवण लिहिली. ती वाचताना मला आमचे घर आठवले. कॉलेजची पायरी चढणारा घरात मीच पहिला. माझी चूक वडिलांना काढता येत नाही. मी पुस्तक उघडले की ते फक्त टीव्ही बंद करतात.

किल्ल्यातील घर हरिपद मित्र या जंगलखात्यातील बंगाली अधिकाऱ्यांचे. संन्यासी बहुधा लबाड असतात, अशी त्यांची समजूत होती. स्वामींशी बोलल्यावर ती गळून पडली आणि त्यांनी स्वामींना आपल्या घरी राहायला बोलावले. स्वामी लगेच गेले नाहीत. बंगाली माणूस दिसताच निघालो, तर महाराष्ट्रीय यजमानांना वाईट वाटेल, असे त्यांनी सांगितले. मित्रांनीच ही हकिगत नोंदवली आहे. नंतर स्वामी त्यांच्याकडे गेले आणि मित्र पतिपत्नींनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली.

१९५६ पासून आपल्या या शहराचा सीमाप्रश्न चालू आहे. त्याचा निवाडा करण्याइतके माझे ज्ञान नाही. पण पहिल्या दिवसापासून मी मराठी मुलांच्याच बाकावर बसतो. शेजारच्या बाकावरील कन्नड मित्राने मला दोनदा घरी जेवायला बोलावले, आणि दोन्ही वेळा मी एस.टी. चुकेल अशी सबब सांगितली. खरे म्हणजे त्यानंतरही एस.टी. होती.

त्या घरातून बाहेर पडताना मला या गोष्टीची लाज वाटली. आता तिसऱ्यांदा बोलावण्याची वाट न पाहता, मीच त्याला आमच्या गावी बोलावले आहे.