घोट्याचे हाड मोडल्यानंतर : घरची शुश्रूषा आणि पुन्हा उभे राहणे

यवतमाळ जिल्ह्याची काळी जमीन पावसाळ्यात पाय धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तळव्याएवढ्या भेगा पाडून बसते. ओल्या धुऱ्यावरून घसरणे, भेगेत पाय अडकणे, बंडीवरून उतरताना तोल जाणे, विहिरीच्या पायऱ्यांवर पाय मुरगळणे हे येथील शेतकऱ्याच्या जीवनात नवे नाही. अलीकडे त्यात मोटारसायकलीची भर पडली आहे. अशा प्रत्येक प्रसंगी शरीराचा सारा भार एका लहानशा सांध्यावर, घोट्यावर, येऊन पडतो. हाड क्षणात मोडते. ते सांधून माणूस पुन्हा कामावर उभा राहण्यास मात्र तीन ते सहा महिने लागतात आणि यांपैकी रुग्णालयात जातात ते थोडेच दिवस. उरलेला सर्व काळ घरी, खाटेवर आणि ओसरीवर जातो. पाय पुढे कसा राहणार, हे बव्हंशी याच काळात ठरते.

पोळ्याच्या दिवशी घोटा मोडला असे समजू. साधारण सहा आठवड्यांचे प्लास्टर म्हणजे दसरा आला. पुढे वीस दिवसांनी दिवाळी आणि त्याच सुमारास कापसाची वेचणी. हाड जुळलेले असते, परंतु सांधा आखडलेला असतो, पोटरी बारीक झालेली असते आणि शेत बोलावीत असते. घाई होते ती येथेच.

घोट्याची रचना समजली की उपचारांमागील कारणेही समजतात. नडगीचे जाड हाड आणि तिच्या बाहेरच्या अंगाचे बारीक हाड यांची खालची टोके म्हणजे आपल्याला दिसणारे आतले व बाहेरचे घोटे. सुतार ज्याप्रमाणे खाचेत कुसू बसवितो, त्याप्रमाणे या दोन टोकांच्या मधल्या खाचेत पावलाचे वरचे हाड बसलेले असते. केवळ बाहेरचे टोक मोडले आणि खाच जागची हलली नाही, तर प्लास्टर किंवा घट्ट आधारपट्टी पुरते. कित्येकदा डॉक्टर लवकरच पायावर भार देण्यासही सांगतात. दोन्ही टोके मोडून खाच फाकली असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करून पट्टी व स्क्रूने हाडे जागी बसवावी लागतात. पावलाचे हाड केवळ एक मिलिमीटर बाहेर सरकले, तरी सांध्यातील परस्परांना टेकणारा पृष्ठभाग सरासरी ४२ टक्क्यांनी घटतो, असे १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. एवढे अंतर हाताने चाचपून कळत नाही. गावातील हाड बसविणाऱ्याचा हात कितीही सरावाचा असला, तरी घोट्याच्या बाबतीत क्ष-किरण चित्राला पर्याय नाही, याचे कारण हे आहे.

मुरगळले की मोडले, हे ओळखण्यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक सोपी कसोटी मांडली. ती प्रौढांसाठी असून शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. दुखापतीनंतर चार पावलेही टाकता येत नसतील, अथवा आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाच्या टोकाशी व मागील कडेवर दाबल्यास दुखत असेल, तर क्ष-किरण चित्र काढलेच पाहिजे. पाऊल वेडेवाकडे दिसत असल्यास किंवा जखमेतून हाड दिसत असल्यास कसोटीची वाट पाहू नये. पाय चोळू नये, ओढू नये; उशी किंवा जाड पुठ्ठा दोन्ही बाजूंनी लावून सैलसर बांधावा, जखमेवर स्वच्छ कापड ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे.

बांधणी किती घट्ट असावी हा प्रश्न जुनाच आहे. सुश्रुतसंहितेतील चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. बांधणी सैल झाली तर सांध्याला स्थैर्य येत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना व त्वचेचा पाक होतो, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उष्ण काळात तीन दिवसांनी ती पुन्हा बांधावी, असेही म्हटले आहे. बांबूच्या कामट्या करकचून बांधून आठवडा आठवडा न पाहणाऱ्यांनी परंपरेचे नाव घेऊ नये, एवढे तरी यावरून म्हणता येईल. प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी पुष्कळ अलीकडची. मॅथायसेन या डच लष्करी शल्यचिकित्सकाने ती १८५१ च्या सुमारास प्रचारात आणली.

प्लास्टर घालून रुग्ण घरी आला की पहिले दोन-तीन दिवस सर्वांत महत्त्वाचे. सूज याच काळात वाढते आणि प्लास्टर मात्र वाढत नाही. म्हणून पाय छातीपेक्षा उंच राहील अशा रीतीने उशा किंवा घडी केलेल्या गोधड्या पोटरीखाली द्याव्यात. नुसते खाटेवर पाय पसरणे म्हणजे पाय उंच ठेवणे नव्हे. बोटे सतत हलवीत राहावे. ती निळी किंवा पांढरी पडली, गार झाली, बधिर झाली, किंवा गोळी घेऊनही वेदना तासागणिक वाढतच गेली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. सकाळपर्यंत थांबण्यात पाय गमावण्याचा धोका आहे. ओले प्लास्टर पुरते वाळण्यास दोन-तीन दिवस लागतात, तोवर त्यावर भार देऊ नये. पुढेही ते भिजू देऊ नये. आत खाज सुटते म्हणून विणकामाची सुई किंवा काडी घालण्याचा मोह अनेकांना होतो. त्या ओरखड्याची जखम प्लास्टर कापेपर्यंत दिसत नाही. पोटरी अचानक दुखू लागली व ताठरली, किंवा दम लागून छातीत दुखू लागले, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

खाटेवरचा काळ हा विश्रांतीचा असला तरी आळसाचा नाही. गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणे, पाच आकडे मोजून सोडणे, प्लास्टरसकट सरळ पाय उचलणे, हे दिवसातून तीन-चार वेळा करीत राहिल्यास मांडीची शक्ती टिकते आणि पुढे कुबड्या जड जात नाहीत.

कुबड्यांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. त्या काखेत रेलण्यासाठी नसतात. काख आणि कुबडीचे टोक यांत दोन-तीन बोटे अंतर असावे, मूठ मनगटाच्या उंचीवर असावी, कोपर किंचित वाकलेले राहावे आणि भार तळहातांनी पेलावा. काखेवर रेलून चालणाऱ्याच्या हाताची नस दबून मनगट लुळे पडल्याची उदाहरणे वैद्यकाला परिचित आहेत. गावातील सुतार सागाच्या किंवा बांबूच्या कुबड्या करून देऊ शकतो. खाली रबरी टोपण मात्र हवेच, नाहीतर शेणाने सारवलेल्या जमिनीवर दुसरा घोटा धोक्यात येतो. पायरी चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा पाय, हा क्रम घरातील मुलांनाही शिकवून ठेवावा; आजोबा विसरले तर ती आठवण करून देतील.

‘थोडा भार द्या’ असे डॉक्टर सांगतात, पण थोडा म्हणजे किती? वजनकाट्यावर दुखरा पाय ठेवून सांगितला तेवढा भार, समजा २० किलो, येईपर्यंत दाबून पाहावा. दोन-चार वेळा केल्यावर पायाला त्या भाराची ओळख पटते. घरी काटा नसल्यास आरोग्य उपकेंद्रातील काटा याच कामी येईल.

घराची मांडणीही तात्पुरती बदलावी लागते. उंबरठ्याशी दुमडलेले पोते किंवा ओले पायपुसणे नको. रात्री वाटेवर दिवा हवा. भारतीय पद्धतीच्या शौचालयात प्लास्टर घातलेल्या माणसाला बसता येत नाही. प्लास्टिकच्या मजबूत खुर्चीच्या बैठकीला भोक पाडून ती भांड्यावर ठेवल्यास काम भागते, आणि भिंतीत एक धरणी बसविल्यास उठणे सोपे होते. घरातील स्त्रीचा घोटा मोडला असेल तर प्रश्न अधिक कठीण. पुरुषाच्या पायाला सहा आठवड्यांची सुटी मिळते. तीच सुटी तिला चुलीपासून मिळत नाही आणि दुसऱ्याच आठवड्यात ती उकिडवी बसून भाकरी थापताना दिसते. चूल ओट्यावर घेणे किंवा ती सहा आठवडे दुसऱ्या कोणी सांभाळणे, यांपैकी काय करायचे हे रुग्णालयातून घरी येण्यापूर्वीच ठरवावे.

हाड जुळण्याच्या कामी अन्नाला महत्त्व आहे. पण त्यासाठी महागड्या पुड्या लागत नाहीत. तुरीचे वरण, दूध-दही, अंडी, तिळाची व जवसाची चटणी, शेंगदाणे, पालेभाज्या आणि रोज थोडे ऊन एवढे पुरे. उलट खर्रा आणि विडी यांतील निकोटीन हाड जुळण्यास उशीर लावते आणि जखम चिघळविते. या जिल्ह्यात पानटपरीवर खर्रा घोटला जात नाही असे गाव शोधावे लागेल. खाटेवर पडलेल्या माणसाला वेळ जावा म्हणून स्नेही प्रेमाने खर्रा आणून देतात. ते प्रेम टाळणे बरे. मधुमेह असलेल्यांचे हाड बहुधा सावकाश जुळते, तळव्याच्या जखमा त्यांना जाणवत नाहीत. त्यांनी रक्तातील साखर तपासून घेत राहावी आणि भार देण्याची घाई मुळीच करू नये.

प्लास्टर कापल्यावर आतून निघणारा पाय पाहून बहुतेक जण घाबरतात. कातडी खपल्यांची, पोटरी निम्मी झालेली, घोटा ताठर. हे सर्व अपेक्षितच असते. कोमट पाण्यात पाय बुडवून हलक्या हाताने धुवावा, तेल लावावे. जोरात चोळू नये. मग सुरू होतो खरा अभ्यास. बसून पाऊल वर-खाली करावे. अंगठ्याने हवेत ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत अक्षरे काढावीत; शिक्षकांना हा व्यायाम कोणी शिकवावा लागणार नाही. तळव्याला दुपट्टा अडकवून दोन्ही हातांनी पाऊल आपल्याकडे ओढावे आणि तीस आकडे मोजावेत. जमिनीवर टाकलेले चिंचोके पायाच्या बोटांनी उचलून वाटीत टाकावेत. पुढे भिंतीला धरून टाचा उचलणे, आणि त्यानंतर एका पायावर उभे राहणे. हे शेवटचे दुर्लक्षिले जाते. मोडलेल्या घोट्याची तोल सावरण्याची जाणीवच बोथट होते. ती परत आणली नाही तर तोच पाय पुन्हा मुरगळतो.

हळूहळू भार वाढविण्याचे हे तत्त्व सुश्रुताच्या त्याच अध्यायात हाताच्या संदर्भात आढळते: आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. आजचा भौतिकोपचारतज्ज्ञ साधने वेगळी देतो, क्रम मात्र तोच.

परदेशी पुस्तकांत रुग्ण चालू लागला, जिना चढला, की त्याची सुटका होते. येथील माणसाचे तेवढ्याने भागत नाही. निंदण, शौच, चूल, पंगत, दूध काढणे, सारे उकिडवे किंवा मांडी घालून. सपाट वाटेवर चालताना पाऊल नडगीकडे थोडेच वाकावे लागते. टाच टेकवून उकिडवे बसण्यास ते त्याहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. म्हणून भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावण्याचा सराव करावा. अंगठा भिंतीपासून दर आठवड्यास एकेक बोट मागे सरकवीत न्यावा आणि खडूने खूण करावी. चांगल्या पायाची खूण शेजारी असली की किती उरले ते दिसते. उकिडवे बसण्याचा प्रयत्न खाटेचा कठडा धरून, डॉक्टरांनी पूर्ण भाराची परवानगी दिल्यावरच करावा.

मोटारसायकलीचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली आणि गिअर डाव्या पायाखाली असतो. कोणताही घोटा मोडला तरी, न लंगडता चालता येईपर्यंत आणि पाय जोराने दाबता येईपर्यंत गाडीला हात लावू नये.

झरी-जामणीतील कोलामांचे पोड किंवा पुसद भागातील बंजारा तांडे यांना दर आठवड्यास भौतिकोपचारासाठी शहरात जाणे परवडणारे नाही. यवतमाळला १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; उमरखेडकरांना नांदेड आणि वणीकरांना चंद्रपूर अधिक जवळचे. अशा रुग्णाने प्लास्टर काढण्याच्या दिवशीच व्यायाम समोर करून दाखविण्यास सांगावे आणि सोबतच्या शिकलेल्या मुलाने ते वहीत उतरवून घ्यावेत. शस्त्रक्रिया लागणार असल्यास ती महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. ग्रामपंचायतीला करता येण्याजोगे एक काम अगदी स्वस्त आहे: दोन-तीन मापांच्या कुबड्या, एक वॉकर आणि शौचाची एक खुर्ची कार्यालयात ठेवून नोंदवहीवर देणे-घेणे. सहा आठवड्यांनी त्या माळ्यावर पडण्याऐवजी दुसऱ्याच्या उपयोगी पडतात.

घोट्याची सूज संध्याकाळी दिसत राहते, कधी सहा महिने, कधी वर्षभर. सकाळी ती उतरत असेल तर काळजीचे कारण नाही. दिवसाचे काम झाल्यावर अर्धा तास पाय उंच ठेवून पडावे. सकाळीही उतरली नाही, घोटा लाल व गरम झाला किंवा शस्त्रक्रियेच्या व्रणातून पाणी येऊ लागले, तर वेचणी अर्धी टाकून दवाखान्यात जावे.