विमानात पाय लांब करायला जागा हवी असेल तर

आखातातल्या विमानतळावर पहाटे गेटवरच्या मुलीने आमचे बोर्डिंग पास मशीनखाली धरले. मशीनवर लाल दिवा लागला आणि तिने दोन नवे पास छापून हातात ठेवले. पुढचा टप्पा सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतचा, पंधरा-सोळा तासांचा. ह्यांच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेली, उंची सहा फुटांच्या आसपास. म्हणून लेकीने तिकिटावर जादा पैसे भरून पुढे भिंत असलेल्या रांगेतल्या दोन सीट घेतल्या होत्या. नव्या पासवर दोघांनाही मधल्या सीट, त्याही वेगवेगळ्या रांगांत. विचारलं तर उत्तर मिळालं, "विमान बदललंय."

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण हे कुठल्याही कंपनीच्या विमानात होऊ शकतं. एक विमान दुरुस्तीला गेलं, की त्याच मार्गावर दुसऱ्या बांधणीचं विमान लावतात. मग रांगांचे क्रमांक बदलतात, भिंतीजवळच्या सीट कमी होतात आणि सॉफ्टवेअर माणसांना नव्याने बसवतं. त्याला गुडघ्याचं ऑपरेशन कळत नाही. आपण पैसे भरतो ते एका प्रकारच्या सीटसाठी. तीच सीट मिळेल याची हमी कंपन्या देत नाहीत, आणि तसं त्यांच्या नियमांत लिहिलेलं असतं.

अशा वेळी गेटवर वाद घालू नका. काय बोलायचं ते मात्र नेमकं बोला. मी तीन गोष्टी सांगितल्या: सीटचे वेगळे पैसे भरले आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे आणि तिकिटावर व्हीलचेअरची नोंद आहे. मग विचारलं, "एअरपोर्ट कंट्रोलमध्ये ठेवलेल्या सीट आहेत का?" हे शब्द उपयोगी पडतात. सीटच्या नकाशावर ज्या सीट भरलेल्या दिसतात, त्या सगळ्या विकलेल्या नसतात. काही तान्ह्या बाळांच्या पाळण्यासाठी, काही अपंग प्रवाशांसाठी, काही कर्मचाऱ्यांच्या हातात राखलेल्या असतात आणि शेवटच्या तासांत मोकळ्या होतात. उलटंही खरं आहे. नकाशावर रिकाम्या दिसणाऱ्या सीटवर, ज्यांनी अजून सीट निवडलेली नाही अशी माणसं येणार असतात. त्यामुळे आदल्या रात्रीचा नकाशा पाहून "विमान रिकामं आहे" असं समजू नका.

आम्हाला मिळाल्या त्या अगदी शेवटून दुसऱ्या रांगेतल्या, खिडकीकडच्या दोन सीट. त्या मला पुढच्या भिंतीजवळच्या सीटपेक्षाही आवडल्या. बोइंग ७७७ मध्ये हल्ली बऱ्याच कंपन्या एका रांगेत दहा माणसं बसवतात: तीन, चार, तीन. सीटची रुंदी जेमतेम सतरा इंच. पण शेपटीकडे विमान निमुळतं होत जातं, म्हणून अनेक ७७७ विमानांत शेवटच्या काही रांगांमध्ये खिडकीकडे तीनऐवजी दोनच सीट असतात. नवरा-बायकोला याहून चांगली जागा इकॉनॉमीत नाही. मध्ये तिसरं माणूस नाही, आणि खिडकी व सीट यांच्यामध्ये थोडी फट राहते, तिथे उशी ठेवता येते. स्वच्छतागृह जवळ असल्याने ये-जा आणि आवाज असतो, जेवण शेवटी मिळतं, तेवढं सोसावं. विमान एअरबस ए३३० असेल तर बहुतेक रांगा दोन, चार, दोन अशाच असतात. ए३५० आणि बोइंग ७८७ मध्ये सहसा तीन-तीन-तीन. तिकीट काढताना वेळ आणि भाडं पाहतो, तसं विमान कोणतं हेही पाहावं. ते तिकिटाच्या तपशिलात लिहिलेलं असतं.

पुढे भिंत असलेल्या रांगेची एक गोष्ट पैसे भरण्याआधी कुणी सांगत नाही. तिथे टीव्हीचा पडदा आणि जेवणाचा ट्रे सीटच्या हातात बसवलेला असतो, त्यामुळे तो हात वर होत नाही. शेजारची सीट रिकामी राहिली तरी आडवं होता येत नाही. पायाशी पर्स ठेवता येत नाही. टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी ती वरच्या कप्प्यात जाते आणि गोळ्यांची पाकिटंही तिच्याबरोबर जातात. शिवाय पाळणे याच भिंतीला लावतात. रात्रभर बाळ शेजारी असण्याची तयारी हवी.

इमर्जन्सी दाराजवळच्या रांगेबद्दल तर कळकळीने सांगते: आईवडिलांसाठी ती घेऊ नका. पाय पसरायला तिथे सगळ्यात जास्त जागा असते हे खरं, पण संकटात दार उघडायला आणि इतरांना बाहेर काढायला जो मदत करू शकेल, त्यालाच तिथे बसवतात. व्हीलचेअर मागितलेला प्रवासी, गरोदर स्त्री, लहान मूल यांना तिथून उठवतात, आणि हे कळतं काउंटरवर किंवा थेट विमानात. तोवर चांगल्या सीट गेलेल्या असतात. परदेशातली मुलं प्रेमाने ती सीट घेतात आणि वेबसाइटच्या दुसऱ्या पानावर जाऊन व्हीलचेअरही मागतात. या दोन गोष्टी एका तिकिटावर चालत नाहीत.

आता अपग्रेडचं. आमच्या नात्यात कुणी मुलांकडे निघालं की मला हाच प्रश्न येतो, शेवटच्या क्षणी फुकट बिझनेस क्लास मिळतो का? माझं उत्तर सरळ आहे: त्यावर विसंबू नका. नीटनेटके कपडे घाला, हसून बोला, मधुचंद्राला निघालोय असं सांगा, या सल्ल्यांना आता अर्थ उरलेला नाही. इकॉनॉमीत क्षमतेपेक्षा जास्त तिकिटं विकली गेली तर काही लोकांना वर बसवतात, पण तो क्रम कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांच्या यादीवरून, म्हणजे गोल्ड-प्लॅटिनम कार्डांवरून ठरतो. आणि विमानं मुळातच भरून जातात. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगभरात सरासरी ८३.५ टक्के सीट भरलेल्या होत्या, तोवरचा हा उच्चांक. उरलेल्या सीटही कंपन्या आता विकतात.

त्या विकण्याची एक रीत म्हणजे बोली. प्रवासाच्या काही दिवस आधी ईमेल येतो: बिझनेस क्लाससाठी किती द्याल? पडद्यावर एक काटा असतो, रक्कम वाढवली की तो कमकुवतवरून भक्कमकडे सरकतो. माँट्रियलच्या प्लसग्रेड या कंपनीची ही व्यवस्था अनेक विमान कंपन्या वापरतात. परतीच्या प्रवासात जावयांनी आमच्यासाठी अशी बोली लावली. बोली टप्प्यागणिक वेगळी असते. लांबच्या टप्प्याची नाकारली गेली आणि आखात ते मुंबई या तीन तासांच्या टप्प्याची मंजूर झाली. पंधरा तास ह्यांनी गुडघा आखडून काढले आणि नंतर तीन तासांसाठी पलंगासारखी सीट मिळाली, तीही विमान मुंबईवर उतरायला लागलं तेव्हा सरळ करावी लागली. मंजूर बोलीचे पैसे परत मिळत नाहीत. तिथे माझं जेवणही हुकलं: तिकिटावर नोंदवलेलं एशियन व्हेज जेवण इकॉनॉमीच्या गाडीत चढवलेलं होतं, पुढच्या भागात माझ्या नावाचं ताट नव्हतं. क्रूने फळं आणि पाव आणून दिला. ज्यांना शाकाहार, जैन जेवण किंवा मधुमेहाचं जेवण लागतं त्यांनी शेवटच्या क्षणी वर्ग बदलला तर हे आधी विचारावं, आणि जवळ खायला काहीतरी ठेवावंच.

बोली लावायचीच असेल तर फक्त लांबच्या टप्प्यावर लावा. दिसते ती रक्कम दर माणशी आहे, हे लक्षात ठेवा. बोली मंजूर झाली की आधी पैसे भरून घेतलेल्या इकॉनॉमीच्या सीटचं काय होतं, तेही वाचा. काउंटरवर किंवा गेटवर अपग्रेड देऊ केलं तर घासाघीस होत नाही, पण प्रश्न विचारता येतात. हे कोणत्या टप्प्यासाठी? सीट पूर्ण आडवी होते का? सामानाची मर्यादा वाढते का? विमान बदललं तर पैसे परत मिळतील का? उत्तर गोलमोल आलं तर नको म्हणा. आणि तुलना करायची तर पूर्ण रकमेची करा. भारतात काढलेल्या तिकिटावर इकॉनॉमीला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वरच्या वर्गांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के. माझं मत विचाराल तर, गुडघे-पाठीचा त्रास असलेल्यांनी शेवटच्या क्षणाची वाट न पाहता तिकीट काढतानाच फक्त लांबच्या टप्प्यासाठी प्रीमियम इकॉनॉमीचा भाव पाहावा. इकॉनॉमीत पुढच्या सीटपर्यंतचं अंतर एकतीस-बत्तीस इंच असतं, प्रीमियममध्ये ते साधारण अडतीस होतं. ते सहा-सात इंच दुखऱ्या गुडघ्याला कळतात.

शेजारची सीट विकत घेण्याचीही सोय आहे. एमिरेट्स आणि एतिहाद शेजारची रिकामी सीट जादा पैशांत देतात. लुफ्तान्साने २०२१ साली काही लांबच्या मार्गांवर एकाच प्रवाशाला अख्खी रांग, गादी आणि उशीसकट, द्यायला सुरुवात केली. एअर न्यूझीलंडच्या काही विमानांत तीन सीटचा कोच होतो. हे सगळ्या मार्गांवर नसतं, म्हणून आधी चौकशी करावी. देहाने स्थूल असलेल्या किंवा पाय पसरूनच बसावं लागणाऱ्या माणसाला तिकीट काढतानाच दुसरी सीट घेता येते. त्या तिकिटावर नावाबरोबर ईएक्सएसटी अशी खूण असते. तिचाही वेगळा बोर्डिंग पास घ्या आणि गेटवर दोन्ही पास स्कॅन करून घ्या. नाहीतर तो प्रवासी आलाच नाही असं समजून ती सीट दुसऱ्याला देतात.

पैसे न देता जागा मिळण्याची एक खरी संधी मात्र उरते: विमानाची दारं बंद झाल्यानंतरची पाच मिनिटं. तोवर कोण येणार, कोण नाही हे स्पष्ट झालेलं असतं. क्रूला हळूच विचारा, "मागे रिकामी रांग असेल तर आम्ही जाऊ का?" परस्पर उठून जाऊ नका. विमान हलकं असेल तर तोलासाठी टेकऑफपर्यंत माणसं जागेवर लागतात. तिघांच्या रांगेत दोघांनी खिडकीची आणि आयलची सीट घ्यायची, म्हणजे मधली एकट्या माणसाला नकोशी होते, ही युक्ती विमान अर्धंमुर्धं रिकामं असेल तर चालते. मुलांच्या सुट्ट्यांच्या आणि सणांच्या आगेमागे ती धरू नका. मधला प्रवासी आलाच तर त्याला खिडकी द्या, तो आनंदाने घेतो. रांग मिळाली आणि आडवे झालात तर पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे क्रू उठवत नाही. आयलकडचा सीटचा हात वर होत नाही असं वाटतं, पण बऱ्याच विमानांत बिजागरीजवळ खालच्या बाजूला बोटाने दाबायचा छोटा खटका असतो. ह्यांना सीटवरून उठताना त्याचा फार उपयोग झाला.

जागा मिळो न मिळो, पाय हलते ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात चार तासांपेक्षा जास्त प्रवासानंतर शिरेत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते असं दिसलं. निरोगी माणसाला हा धोका तरीही लहान, सुमारे सहा हजारांत एक. शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झालेले असतील किंवा आधी गुठळी झालेली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा. खिडकीची सीट घेऊन शेजाऱ्याला उठवायच्या संकोचाने दहा तास न हलणं हे आपल्याकडच्या ज्येष्ठांचं नेहमीचं. संकोच करू नका, शेजारी उठतो.

आता पैशांचं. सीटसाठी भरलेले पैसे आम्हाला परत मिळाले, पण सुखासुखी नाही. लेकीने आम्हाला ई-तिकीट पाठवलं होतं, सीटची पावती तिच्याच ईमेलमध्ये होती. त्या पावतीला ईएमडी म्हणतात. तिचा तेरा आकडी क्रमांक तिकिटाच्या क्रमांकाहून वेगळा असतो, आणि कंपनी तोच मागते. नवा आणि जुना असे दोन्ही बोर्डिंग पास आम्ही जपले होते, म्हणून काम झालं. अमेरिकेत २०२४ मध्ये नियम झाला, की तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या विमानात पैसे घेऊन सीट दिली नाही तर ते पैसे परत करावेत. आणि मोठी घसरण झाली, म्हणजे बिझनेसचं तिकीट असताना इकॉनॉमीत बसवलं, तर भारतात डीजीसीए या विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाचा फेब्रुवारी २०२३ पासूनचा नियम आहे: ३५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या आंतरराष्ट्रीय प्रवासात करांसह तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत मिळते. विमानात चढण्याआधी वर्ग बदलल्याचं लेखी घ्या.

परदेशातून आईबाबांची तिकिटं काढणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. ई-तिकिटाबरोबर सीटची ईएमडी पावतीही त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि तिची एक छापील प्रत पासपोर्टच्या पाकिटात ठेवायला सांगा. निघण्याच्या आदल्या दिवशी विमानाचा प्रकार आणि सीटचा क्रमांक तुम्ही स्वतः पुन्हा तपासा. बदल झालेला दिसला तर तेव्हाच फोन करा, कारण मध्यरात्रीच्या गेटवर ते त्यांना एकट्याने निस्तरावं लागतं.