कामगारांची एकजूट आणि न्याय्य मजुरी

वाचन : याकोबाचे पत्र ५:१-६



मजुराची अडवलेली मजुरी परमेश्वरापासून लपत नाही, अशी ताकीद संत याकोब श्रीमंतांना देतात. ही ताकीद कारखान्याच्या आणि शेताच्या व्यवहारालाही लागू आहे, हे ख्रिस्तसभेने वेळोवेळी सांगितले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगारांचा संघटना स्थापण्याचा हक्क मान्य केला. १९३१ मध्ये, जागतिक मंदीच्या काळात, पोप पायस अकरावे यांनी कामगाराचे व त्याच्या कुटुंबाचे पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, असे शिकवले.

त्याच मंदीत अमेरिकेत काय घडले ते पाहू. १९३५ च्या कायद्याने तेथील कामगारांना संघटनेचे संरक्षण मिळाले, पण शेतमजुरांना त्यातून वगळण्यात आले. १९३७ साली शेतमजूर, फळे-भाज्या डबाबंद करणारे आणि पॅकिंगचे काम करणारे कामगार यांची एक राष्ट्रीय युनियन डेन्व्हर शहरात स्थापन झाली.

टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे पेकन नावाची, अक्रोडासारखी फळे फोडून गर काढणारे हजारो कामगार या युनियनशी जोडले गेले. ते बहुतेक मेक्सिकन वंशाचे होते व त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. कोंदट शेडमध्ये टरफलांची बारीक धूळ नाकातोंडात जाई. वस्तीत क्षयरोग फार होता. एवढे राबूनही आठवड्याला जेमतेम दोन-तीन डॉलर हाती पडत. त्यातही मालकांनी दर पौंडामागे एक सेंट कमी केला. तेव्हा ३१ जानेवारी १९३८ रोजी सुमारे १२,००० कामगार संपावर गेले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, शेकडोंना तुरुंगात टाकले. तरी संप मोडला नाही.

संपाच्या अग्रभागी एमा तेनायुका ही एकवीस वर्षांची तरुणी होती. ती साम्यवादी पक्षाची असल्यामुळे वाद पेटला आणि युनियननेच तिला अधिकृत नेतेपदावरून दूर केले. आर्चबिशप आर्थर ड्रोसार्ट्स यांनीही साम्यवादी प्रभावाला विरोध केला; मात्र मालकांनी मजुरी वाढवावी, असेही त्यांनी सांगितले. बंधुभगिनींनो, येथेच आपल्यासाठी धडा आहे. नेत्याचा विचार पटत नाही, म्हणून उपाशी माणसाची मागणी खोटी ठरत नाही. आणि गरिबांच्या बाजूने श्रद्धावंत वेळेवर उभे राहिले नाहीत, तर दुसरे कोणी उभे राहिले याची तक्रार आपण कोणत्या तोंडाने करावी?

मार्च महिन्यात दोन्ही बाजूंनी लवादाला मान्यता दिली आणि कामगारांना थोडी दरवाढ मिळाली. त्याच वर्षी नव्या कायद्याने तासाला किमान २५ सेंट मजुरी ठरली. परंतु मालकांनी यंत्रे आणली व हजारोंचे काम गेले. म्हणजे एका लढ्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. तरीही ज्यांना कोणी विचारत नव्हते, त्या स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांचे म्हणणे ऐकणे भाग पडले.

चिंतनासाठी प्रश्न
१. माझ्या घरी, शेतात किंवा दुकानात राबणाऱ्याला मी देतो ती मजुरी त्याच्या कुटुंबाला पुरते का? ती वेळेवर मिळते का?
२. हक्कासाठी एकत्र येणाऱ्यांची बाजू ऐकण्याआधीच मी त्यांच्यावर शिक्का मारतो का?