दिवा लागलेला, वाट बंद

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील कालव्याच्या पाण्यावर पिकणारे गाव. येथील बागायतदारास एक गोष्ट सांगावी लागत नाही. चारीचे दार उघडले म्हणजे शेवटच्या शेतात पाणी पोचले, असे नव्हे. चारी मध्येच फुटली तर तोंडाशी पाणी खळाळते आणि टेलचे शेत कोरडे राहते. खात्री करावयाची तर टेललाच जावे लागते.

नगरपरिषद, ग्रामपंचायत वा शाळा यांतील संगणकांना बाहेरच्या जाळ्याशी जोडणाऱ्या राउटरची स्थिती याहून निराळी नाही. पुष्कळ ठिकाणी मुख्य जोडणी फायबरची व राखीव जोडणी मोबाइलची असते. मुख्य बंद पडताच राखीव आपोआप सुरू होईल, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी होय. साध्या रचनेत राउटर केवळ स्वतःला जोडलेली तार जिवंत आहे की नाही, एवढेच पाहतो. काही कोसांवर खोदकामात फायबर तुटले तरी कार्यालयातील तार शाबूत असते, हिरवा दिवा लागलेला असतो आणि राउटर बंद वाटेवरच माहिती धाडीत राहतो. राखीव जोडणीचे भाडे दरमहा भरले जाते, पण दाखल्यासाठी मजुरी बुडवून आलेली बाई मात्र रिकाम्या हाताने परत जाते.

उपाय जुनाच आहे. दूरच्या यंत्राला हाक देऊन उत्तराची वाट पाहण्याची पद्धत 1981 साली नियमबद्ध झाली. तिच्यावर आधारलेला ‘पिंग’ हा कार्यक्रम 1983 चा. राउटरला अशी हाक ठरावीक अंतराने देण्यास सांगता येते. सिस्कोच्या राउटरमध्ये हे अंतर, न बदलल्यास, 60 सेकंदांचे असते. कार्यालयासाठी दहा सेकंद बरे. मुख्य वाट या हाकेच्या उत्तराशी बांधावयाची. उत्तर थांबले की ती वाट यादीतून निघते आणि कमी पसंतीची म्हणून नोंदलेली राखीव वाट पुढे येते. एखादी हाक चुकली म्हणून लगेच वाट बदलू नये. काही क्षण थांबण्याचा आदेशही द्यावा, नाहीतर राउटर दिवसभर इकडून तिकडे उड्या मारीत बसेल.

हाक कोणाला द्यावी? शेजारच्या मोडेमला दिली तर ते चारीच्या तोंडाशी उभे राहण्यासारखेच झाले. सेवा देणाऱ्याच्या जाळ्यापलीकडचा, सहसा बंद न पडणारा पत्ता निवडावा. शिवाय ती हाक मुख्य वाटेनेच जाईल, असे बंधन घालावे. हे विसरले तर फजिती होते. मुख्य वाट तुटते, राखीव सुरू होते, हाक राखीव वाटेने जाऊन उत्तर आणते, राउटर मुख्य वाट सुधारली असे समजून पुन्हा तिकडे वळतो, आणि हेच चक्र चालू राहते.

काम स्वीकारताना पुरवठादार बहुधा राउटरची तार उपटून दाखवितो. ती परीक्षा नव्हे. तार निघाली हे साध्या राउटरलाही कळते. मोडेम व राउटर यांमधील तार तशीच ठेवून मोडेममध्ये बाहेरून येणारे फायबर काढावयास लावावे, घड्याळ लावून किती वेळात राखीव वाट सुरू होते ते पाहावे, आणि फायबर परत जोडल्यावर राउटर मुख्य वाटेवर परततो हेही पाहूनच देयकावर सही करावी.